उभ्या बंदुकीचं वंगण

यवतमाळ जिल्ह्यातल्या परवान्याच्या बंदुका झाडून झिजत नाहीत. उभ्या राहून गंजतात. ही पुस्तिका लिहायला एवढं एक कारण पुरेसं आहे. तेलांची बाजारात कमतरता नाही आणि तेल सुचवणाऱ्यांची तर कुठेच नाही. मात्र बहुतेक सल्ला ज्या शस्त्रासाठी दिलेला असतो ते एका दुपारी दोनशे गोळ्या झाडतं, संध्याकाळी उघडून पुसलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतं. आपल्याकडची बारा बोर तशी जगत नाही. ती लाकडी कपाटात असते, धान्याच्या खोलीत असते, नाहीतर बँकेच्या दारात एखाद्या निवृत्त जवानाच्या खांद्यावर असते. वर्षाकाठी चार काडतुसं उडाली तरी पुष्कळ. अशा बंदुकीचं तेल निवडताना घर्षण किती कमी होईल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की मृगापासून दसऱ्यापर्यंत तिला कोणाचा हात लागला नाही तर पोलादावर काय उरेल?

हा प्रश्न कोणाकोणाचा आहे ते आधी सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात दोन बंदुका वेगळ्या काढल्या आहेत. एक, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वापरायची, किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची. दुसरी, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी लागणारी ठासणीची. गावात परवान्याची बंदूक म्हणून जी दिसते ती बहुधा या दोन घरांतली असते: एकनळी, दुनळी, किंवा आजोबांच्या नावावरून वारसाने आलेली ठासणीची. जोडीला क्वचित ईशापूरच्या कारखान्यातली ०.३१५ रायफल. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. मुदत वाढली हे सोयीचंच. फक्त नूतनीकरणाच्या निमित्ताने जी बंदूक एकदा उजेडात यायची, ती आता दोन वर्षं उशिरा येते.

हे पुस्तक शिकारीचं नाही. रोह्यांचा कळप तुरीत शिरतो, रानडुकरं रात्रीत हरभरा उकरतात, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय जनावरावर गोळी चालवता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम कोणत्याही तेलाने निसरडा होत नाही. जागलीवर नेलेली बंदूक पुष्कळदा नुसती सोबतीला असते. पण सोबतीला नेलेल्या बंदुकीवरही दंव पडतं. पहाटे गारठलेली नळी घरातल्या ऊबदार हवेत आणली की तिच्यावर बाहेरून आणि आतूनही पाणी सुटतं, आणि तशीच ती म्यानात जाते. न झाडलेली बंदूक पुसायची कशाला, असं मानणारे लोक मला भेटले आहेत. गंज त्यांच्याच बंदुकांवर अधिक पाहिला.

आपल्या हवामानाचा स्वभाव तेलाच्या दृष्टीने आडमुठा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर; पातळ तेल उडून जातं, घट्ट वंगण वितळून ओघळतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहते, आणि साठ-पासष्टच्या पुढे उघड्या पोलादाचं गंजणं झपाट्याने वाढतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांवर उतरतात; उन्हाळ्यात पातळ असलेलं तेल तेव्हा दाटतं. एकच तेल बारा महिने पुरेल का, याचं माझं उत्तर जवळजवळ नकारार्थी आहे. उरलेल्या 'जवळजवळ'चा हिशेब पुढच्या प्रकरणांत आहे.

नळीचा निळसर-काळा रंग पाहून लोक निर्धास्त होतात. तो रंग नसतो. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड असतो, म्हणजे माणसाने मुद्दाम आणलेला आणि वेळीच थांबवलेला गंज. त्याचा खरा उपयोग असा की त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहतं. तेल संपलं की तो थर शोभेपुरता उरतो. त्यावर घामाचा हात पडला की मिठाने आपलं काम सुरू केलं म्हणून समजा. दुनळीच्या नळ्यांवर चार बोटांचे तपकिरी ठसे कायमचे उमटलेले दिसतात ते याच हिशेबाने: पाहुण्याने कौतुकाने हातात घेतलेली बंदूक, परत ठेवताना कोणी पुसली नाही.

बंदुकीच्या वंगणाची गोष्ट सांगताना १८५७ टाळता येत नाही, आणि टाळूही नये. शाळेत आपण ती धर्माची गोष्ट म्हणून शिकतो. ती यंत्राचीही गोष्ट आहे. एन्फिल्डच्या नव्या रायफलीच्या नळीत पीळदार खाचा होत्या. गोळी तोंडाकडून ठासायची, आणि काळ्या दारूची राख तर प्रत्येक बारागणिक खाचांत साचत जाणार. चार-सहा बारांनंतर गोळी खाली उतरेना. म्हणून काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूने चरबी आणि मेण लावलेलं असे. ते वंगण नळीतली राख मऊ ठेवी. कागद दातांनी तोडायची कवायत होती. चरबी कुठल्या जनावराची, हा प्रश्न डमडमच्या कारखान्यातून बराकपूरला आणि तिथून सगळीकडे गेला. वरसईच्या गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकीकत दिली आहे. जानेवारी १८५७ च्या शेवटी सरकारने हुकूम काढला की काडतुसं कोरी द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. पुढे कागद हाताने फाडायची कवायतही आली. तोवर उशीर झाला होता. त्या हुकमात दडलेलं तांत्रिक सत्य मात्र इतिहासाच्या पुस्तकांतून निसटतं. तूप चालतं, वनस्पती तेल चालतं, मेण तर उत्तमच. काळ्या दारूला जनावराच्या चरबीची सक्ती कधीच नव्हती.

हे सत्य आजच्या ठासणीवाल्याच्याही कामाचं आहे. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतलं पाणी ओढतात आणि रात्रीत नळी खातात. तेलात हे क्षार विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीची बंदूक आधी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची आणि मग तेल. 'बंदुकीला पाणी?' म्हणून लोक दचकतात, पण राखेवर तेल चोपडणं म्हणजे शत्रूला घरात घेऊन दार लावणं. शिवाय खनिज तेल आणि काळी दारू यांचं जमत नाही; दोघं मिळून नळीत डांबरासारखा चिकट थर धरतात. जिथे बार उडवायचा आहे तिथे मेण आणि वनस्पती तेलाचं मिश्रण बरं. बार झाल्यावर, धुऊन, सुकवून, महिनोन् महिने ठेवायची असेल तर खनिज तेल. आणि पुन्हा ठासायच्या आधी ते पुसून काढायचं. एकाच नळीला दोन वेळी दोन वंगणं लागतात, हे पटलं की अर्धं पुस्तक वाचल्यासारखंच आहे.

काडतुसाच्या बंदुकीलाही हा क्षारांचा शाप काही काळ होता. जुन्या ३०३ च्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळून मागे मिठासारखाच क्षार राही. म्हणून इंग्रजी फौजेत नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं मिळे. पाणी, मग चिंधी, मग तेल, हा क्रम शिपाई पाठ करत. नळीतून चिंधी ओढायच्या दोरीला शिपायांच्या बोलीत 'फुलतरू' म्हणतात. ती आणि तेलाची छोटी कुपी रायफलीच्या दस्त्यातच ठेवलेली असे. आताच्या काडतुसांत हा त्रास राहिलेला नाही. पण कोणाच्या पेटीत आजोबांच्या काळची काडतुसं असतील तर त्यांची नोंद परवान्यात आहे का ते आधी पाहावं आणि ती झाडण्याचा विचार सोडून द्यावा. बारा बोरची जुनी काडतुसं कागदी पुंगळीची असत. पावसाळ्यात फुगून ती नळीत अडकत. खडकीच्या कारखान्यातली आजची 'शक्तिमान' प्लास्टिकची असतात, फुगत नाहीत. मात्र बुडाच्या टोपीवर पातळ, झिरपणारं तेल लागलं तर तीही फुसकी निघू शकतात. तेलकट हाताने काडतूस धरू नये.

आता घरातल्या तेलांकडे येऊ, कारण खरी गडबड तिथेच आहे. बंदुकीचं तेल म्हणून वेगळी बाटली तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. मग माणूस जे हाताशी असेल ते लावतो, आणि हाताशी काय असतं ते जिल्ह्याची शेती ठरवते.

जवस घ्या. विदर्भाचं हे जुनं पीक. जवसाची चटणी माझ्या जेवणात असतेच. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं, आणि हे आम्ल हवेतला प्राणवायू घेऊन आपसांत बांधलं जातं. म्हणजे तेल वाळतं आणि त्याचं रोगण होतं. रंगारी त्याला या गुणासाठीच वापरतो. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला म्हणूनच जवसाचं तेल अव्वल. इंग्रजी रायफलींचे दस्ते याच तेलात मुरवलेले असत. बोटाने चोळून, पुसून, आठवडाभर सुकू देऊन पुन्हा चोळायचं. लाकूड पाणी पीत नाही आणि दिसायलाही देखणं होतं. पण हेच तेल घोड्याच्या खटक्यात गेलं की सहा महिन्यांत तिथे पिवळा डिंक तयार. चाप ओढला तर घोडा आळसावून पडतो, कधी अर्ध्यात थांबतो. करडईचं तेल त्याच जातीचं. सरकीचं थोडं संथ, शेवट तोच. एक इशारा इथेच देतो, कारण पुढे तो कोणी वाचेलच असं नाही: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो आतून तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. कापसाच्या गावात तर अजिबात नको. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खोबरेल वाळत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. दिवाळीनंतर न्हाणीघरातली बाटली उन्हात ठेवावी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बंदुकीच्या आतलं खोबरेलही त्याच वेळी थिजलेलं असतं हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. एरंडेल दाट, चिवट आणि वंगण म्हणून खरोखर दमदार. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं त्यावर चालली. पण त्या इंजिनांतून तेल सतत वाहून बाहेर पडे, नवं येत राही. बंद खटक्यात तेच एरंडेल पडून पडून चिकट होतं. बंडीच्या कण्याला ते पुरतं, कारण कणा फिरत असतो आणि आपण पुन्हा पुन्हा वंगण देत असतो. उभ्या बंदुकीला यातलं काहीच मिळत नाही.

शिलाई मशीनचं तेल या सगळ्यांत शहाणं. शुद्ध केलेलं, पातळ, जवळजवळ रंगहीन खनिज तेल. ते डिंक धरत नाही, थिजत नाही, खटक्याच्या बारीक जागी पोचतं. गावात दुसरं काहीच मिळत नसेल तर मी हेच सुचवतो. त्याचा दोष एवढाच की ते फार पातळ आहे आणि गंज अडवणारं द्रव्य त्यात नसतं. आतल्या खटक्यांना ते सहा महिने पुरेल. नळीच्या बाहेरच्या अंगाला पावसाळ्यात पंधरा दिवसही नाही.

मोटारसायकलचं नवं २०डब्ल्यू-४० ऑइल नाकं मुरडण्याइतकं वाईट नाही. त्यात झीज आणि गंज रोखणारी द्रव्यं असतात. थोडं दाट असतं, इतकंच. पण गॅरेजातलं जळालेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून लावणं हा शुद्ध दळभद्रीपणा. त्यात इंजिनाच्या झिजेची धातूची धूळ, ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. वाळवीसाठी कुंपणाच्या खांबाला ते लोक फासतात. बंदूक म्हणजे खांब नव्हे. मातीच्या तेलाने आणि पेट्रोलने बंदूक धुणारेही पुष्कळ. जुना डिंक काढायला मातीचं तेल कामाचं आहे, मी नाही म्हणत नाही, पण ते उडून गेल्यावर पोलाद अगदी नागडं होतं. त्यानंतर लगेच तेल नाही लावलं तर न धुतलेली बंदूक बरी. पेट्रोलबद्दल फक्त एवढंच, की बंद खोलीत त्याची वाफ आणि बिडी एकत्र आणू नये.

विकतच्या तेलांची यादी या पुस्तिकेत मुद्दाम लहान ठेवली आहे. दुकानदार हल्ली डब्ल्यूडी-४० चा फवारा हातात देतो. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं. अॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावरून पाणी हटवणं हे त्याचं पहिलं मोठं काम. पावसात भिजलेल्या बंदुकीवर तेच काम ते झकास करतं. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे फार विरळ थर राहतो. पाणी हटवायला वापरा, मग पुसून खरं तेल लावा. जर्मनीतलं बॅलिस्टॉल १९०४ पासून चालत आलंय. लाकूड, चामडं, धातू तिन्हींना सोसतं आणि पाण्यात मिसळतं, म्हणून ठासणीवाल्यांचं आवडतं. साफ करणारं, वंगण देणारं आणि गंज रोखणारं असं तीन गुणांचं एकच तेल अमेरिकी फौजेने आपलंसं केलं. सैनिकाच्या पाठीवर तीन बाटल्या नकोत, म्हणून ते तिथे योग्य. तुमच्या कपाटात तीन बाटल्यांना जागा आहे. इंग्रजी अमदानीतल्या शिकाऱ्यांच्या पेटीत 'रंगून ऑइल' असायचं, ब्रह्मदेशच्या भूमीतून निघालेल्या खनिज तेलाचं. महागडी विलायती बाटली घेताना हे आठवून मला हसू येतं. त्या काळातला साहेब आपल्याच बाजूचं तेल विश्वासाने वापरत होता.

ग्रीसबद्दल गैरसमज जास्त, म्हणून त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. ग्रीस म्हणजे दाट तेल नव्हे. साबणाच्या जाळीत तेल धरून ठेवलेलं असतं. दाब आला की जाळी ते थोडं थोडं सोडते. साबण चुन्याचा असेल तर ते पाण्याला दाद देत नाही पण उष्णतेत लवकर ढिलं पडतं. लिथियमचा असेल तर उष्णताही सोसतं. चेसीसला भरायचं साधं लिथियम ग्रीस, दोन नंबर घट्टपणाचं, दुनळीच्या कामाला पुरेसं आहे. किती? तांदळाच्या दाण्याएवढं. कुठे? जिथे धातू धातूवर दाब देऊन सरकतो: नळ्या ज्या खिळीवर मोडतात ती खीळ, तिच्याभोवतीचे अर्धगोल खांदे, ०.३१५ च्या बोल्टचे कान. खटक्यात, चापाच्या पेटीत, आघाताच्या सुईच्या बोळात ग्रीस कधीही नाही. थंडीत ते दाटतं, सुई मंदावते आणि काडतुसावर नुसता ओरखडा उठतो. ग्रीस दिसलं की धूळ चिकटते, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक. जिनिंगच्या आवारात पहारा देणाऱ्याच्या बंदुकीत तिच्या जोडीला कापसाचे तंतू जातात. तेल, माती आणि तंतू यांचा लगदा सरकत्या भागांना पॉलिशच्या लुकणासारखा घासत राहतो. अशा जागी कोरडं ठेवणं हेच वंगण, असंही म्हणायची माझी तयारी आहे.

जास्त तेल लावणं हा प्रेमाने केलेला गुन्हा आहे. बंदूक कपाटात नळी वर करून उभी असते. नळीतलं आणि खटक्यातलं जादा तेल गुरुत्वाने खाली उतरतं ते थेट दस्त्याच्या मानेत. वर्षानुवर्षं खनिज तेल प्यायलेलं लाकूड काळं पडतं, मऊ होतं, आणि एके दिवशी धक्क्याने चिरतं. जुन्या दुनळीच्या मानेतली चीर पाहून लोक सुताराला दोष देतात. तेल दिल्यावर पहिले दोन दिवस बंदूक नळी खाली करून, कापडाच्या घडीवर उभी करावी. आणि झाडायच्या आधी नळी व काडतुसाची कोठी कोरड्या चिंधीने पुसावी. तेलाने भरलेल्या नळीत दाब वाढतो. कोठी तेलकट असेल तर काडतूस भिंतीला धरून राहत नाही आणि सगळा धक्का मागच्या कुलपावर येतो.

ज्या प्रसंगासाठी ही पुस्तिका खिशात ठेवावी असा एक प्रसंग आहे: निवडणूक. आचारसंहिता लागली की ज्यांना सांगितलं जाईल त्यांना शस्त्र जमा करावं लागतं. २०२४ मध्ये तर दोनदा वेळ आली. लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळाभर. विधानसभेची ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पावसाळ्याची ओल अजून भिंतीत असताना. शस्त्र जमा करून घेणारी खोली बंदुका मोजून, नोंदून, कुलपात ठेवण्यासाठी असते. त्यांना तेलपाणी करणं हे तिथल्या कोणाचंच काम नाही आणि ती अपेक्षाही चुकीची. जे करायचं ते नेऊन देण्याआधी घरी करायचं. नळी आतून साफ, कोरडी, मग दाट तेलाचा हात. बाहेरून पावसाळ्यात पांढरी पेट्रोलियम जेली, किराणा दुकानातली. फौजांनी रायफली कोठारात ठेवताना खनिज जेलीच वापरली आहे. उन्हाळ्यात मात्र नको, चाळिशीच्या पुढे ती ओघळायला लागते; तेव्हा ग्रीसचा अगदी पातळ हात. चामडी किंवा रेक्झिनच्या म्यानात घालून देऊ नये. चामडं कमावतानाचे क्षार आणि अडकलेली ओल दोन्ही पोलादाला लागतात. सुती कापडाची, तेलाचा हात दिलेली खोळ बरी. कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडेही शस्त्र ठेव म्हणून देता येतं; त्याचं भाडं पडतं, पण चौकशी करून पाहावी. परत मिळालेली बंदूक थेट कपाटात जाऊ नये, आणि आत लावलेलं दाट तेल न पुसता तिच्यातून बार तर मुळीच काढू नये.

नियमित पाहणीची ही शिस्त आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल आज्ञा आहे: हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावं. तीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पावसात हे लिहिणाऱ्याला शस्त्रं लढाईत कमी आणि कोठारात जास्त मरतात हे नेमकं कळलं होतं. आपल्याकडे त्याचा एक अवशेष उरला आहे तो खंडेनवमी-दसऱ्याचा. पावसाळा संपतो, शस्त्रं बाहेर निघतात, पुसली जातात; पोलीस मुख्यालयापासून वाड्यापर्यंत पूजन होतं. वेळ अचूक आहे. गडबड पूजेनंतर होते. ओलं गंध, हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि पाण्याचे थेंब तसेच नळीवर राहतात आणि दिवाळीपर्यंत त्याखाली खड्डे पडतात. श्रद्धेच्या आड मी येत नाही. कुंकू कापडावर वाहा, किंवा दस्त्याला लावा, आणि नळीवर वाहिलंच तर रात्री जेवणाआधी पुसून तेलाचा हात द्या. देव रागावत नाही, गंज मात्र थांबत नाही.

शेवटचं प्रकरण थोडं वेगळ्या बंदुकीचं आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात टी-१ वाघीण, लोकांनी जिला अवनी म्हटलं, गोळीने मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. बेशुद्धीचा डार्ट आधी का नाही, यावरून देशभर वाद झाला. त्या वादात मी इथे पडत नाही. पण त्यानंतर डार्ट-गनचं नाव गावोगाव पोचलं, आणि तिच्या देखभालीबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नाही. वायूच्या दाबावर चालणाऱ्या या बंदुकीत सांधे रबरी वॉशरने बंद केलेले असतात. पेट्रोलियम तेल किंवा जेली नैसर्गिक रबराला फुगवते; वॉशर ढिला पडतो, दाब गळतो, डार्ट अपेक्षेपेक्षा कमी अंतरावर पडतो. तिथे सिलिकॉनचं वंगण लागतं, आणि बनवणाऱ्याने सांगितलं तेच. दुनळीवर हात बसलेल्या माणसाने सवयीने तिला तेल घालणं हा सर्वांत मोठा धोका. वनमजूर आणि वनरक्षक यांच्यासाठी ती पानं वेगळी काढता येतील अशी छापली आहेत.

पुस्तिका कशी वाचावी? ठासणीवाल्यांनी दुसरं प्रकरण, दुनळीवाल्यांनी तिसरं आणि ग्रीसचं, बँकेच्या पहारेकऱ्यांनी धूळ आणि घामाचं. तेलांची तुलना करणारा तक्ता मागे आहे; त्यात कंपनीच्या नावांपेक्षा तेलाची जात आणि महिना यांना जागा दिली आहे, कारण नावं बदलतात आणि नकली बाटल्याही निघतात. पहिलं प्रकरण मात्र कोणीही वगळू नये. त्यात तेलाचा एक शब्द नाही. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने कसं तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत का ठेवायची, साफसफाईच्या वेळी लेकरं कुठे असावीत आणि नळीचं तोंड कोणत्या भिंतीकडे असावं, एवढंच आहे. ते वाचून झाल्यावर बाटलीचं बूच उघडा.